दारचा झेंडू आणि दिवाणखान्यातला ब्रोमेलियाड

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित पाठ)



गच्चीवरच्या बागेचे छोटे वर्ग मी गेली काही वर्षं घेते आहे. वर्गाला येणारी मंडळी पहिल्याच दिवशी एक प्रश्न हमखास विचारतात, 'फार त्रास न देता जास्त दिवस शोभा देईल असं झाड कोणतं?' आणि मी तोंड उघडायच्या आत पुस्ती जोडतात, 'झेंडूबिंडू नको हं! जरा वेगळं सांगा. ते ब्रोमेलियाड म्हणतात ना, तसलं काहीतरी.'

या 'झेंडूबिंडू'ची मला मोठी गंमत वाटते. दसऱ्याला ज्या फुलाशिवाय आपलं दार सजत नाही, गाडीला हार चढत नाही, ते फूल बागेत मात्र नको असतं. आणि ज्या झाडाचं नाव घेताना जिभेची कसरत होते, त्याला दिवाणखान्यात मानाची जागा मिळते. म्हणून आज या दोघांना शेजारी शेजारी ठेवून पाहू या. पुण्याच्या हवेत, आपल्या घरात आणि आपल्या सवयींमध्ये कोण कुठे बसतं, एवढंच तपासायचं आहे. हा प्रश्न नुसत्या शोभेचा मात्र नाही. पावसाळ्यात तो आपल्या आणि शेजाऱ्यांच्या आरोग्याचाही होतो. त्याकडे मी थोड्या वेळानं येणारच आहे.

आधी ओळख करून घेऊ. झेंडूची काय ओळख करून द्यायची, असं तुम्ही म्हणाल. पण एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात आलेली नसते. आपण ज्याला झेंडूचं एक फूल म्हणतो, तो असंख्य छोट्या फुलांचा गेंद असतो. सूर्यफूल, शेवंती, ॲस्टर यांच्याच कुळातलं हे झाड. दसऱ्यानंतर वाळलेलं फूल कुस्करून पाहा. प्रत्येक पाकळीच्या बुडाशी काळी, बारीक सुईसारखी बी दिसेल. प्रत्येक पाकळी हे स्वतंत्र फूल असतं, त्याची ही खूण. आपल्याकडे मुख्यतः दोन जाती लावतात. उंच वाढणारा, मोठ्या गेंदाचा तो आफ्रिकन झेंडू, आणि बुटका, तांबूस-पिवळ्या मखमली फुलांचा तो फ्रेंच झेंडू. नावांवर जाऊ नका. दोघांचाही आफ्रिकेशी किंवा फ्रान्सशी जन्माचा संबंध नाही. दोघंही मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले.

ब्रोमेलियाड हे एका झाडाचं नाव नाही. ते अख्ख्या कुळाचं नाव आहे. ओलोफ ब्रोमेलियस नावाच्या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञावरून ते पडलं. या कुळात तीन हजारांहून अधिक जाती आहेत. त्यातली एक जात तेवढी पश्चिम आफ्रिकेत सापडते, बाकी सगळ्या अमेरिका खंडातल्या. आपल्या रोपवाटिकांमध्ये दिसतात ते गुझमानिया, निओरेजेलिया, व्रिसिया, एकमिया आणि मातीशिवाय वाढणारे टिलँडसिया. पानं चक्राकार, एकातून एक निघालेली. मधोमध लालभडक, केशरी किंवा पिवळा तुरा. हा तुरा म्हणजे फूल नव्हे. बोगनवेलीचा रंग जसा फुलाचा नसून पानांचा असतो, तसाच हा प्रकार. खरी फुलं त्या रंगीत पानांच्या बेचक्यात असतात, बारीक आणि थोड्या दिवसांची. रंगीत पानं मात्र तीन-चार महिने टिकतात, कधी त्याहूनही जास्त.

तेव्हा दोघंही एकाच खंडातून आलेले. आपण झेंडूला देशी समजतो आणि ब्रोमेलियाडला परदेशी, त्याला काय आधार? झेंडू आपल्याकडे बहुधा पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आला. म्हणजे आंब्याच्या डहाळीबरोबर तोरणात बसलेलं हे फूल चार-पाचशे वर्षांपूर्वी आपल्या कोणत्याही सणात नव्हतं. तिकडे मेक्सिकोत आजही नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत पितरांचं स्मरण करतात, तेव्हा याच फुलांनी वाट सजवतात. आपण तीच फुलं लक्ष्मीच्या स्वागताला दारात बांधतो. कानडीत त्याला 'चेंडू हूवु' म्हणतात, हिंदीत 'गेंदा' आणि आपण 'झेंडू'. फूल पाहून चेंडू आठवला नाही असा मुलूखच नसावा.

आणि ब्रोमेलियाड नवा म्हणावा, तर तोही तितकाच जुना! कारण या कुळातलं एक झाड आपण पिढ्यान् पिढ्या खात आलो आहोत. ते म्हणजे अननस. १४९३ मध्ये ग्वादलूप बेटावर कोलंबसानं तो पाहिला. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात भारतात आणला. अकबराच्या काळच्या 'ऐन-ए-अकबरी'त त्याची नोंद आहे आणि जहांगीर बादशहानं आग्र्याच्या बागेत पिकणाऱ्या अननसांबद्दल आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवलं आहे. पुण्यातल्या लग्नाच्या पंगतीत अननसाचा शिरा वाढला जातो, तेव्हा आपण ब्रोमेलियाडच खात असतो. झेंडू दारात राहिला, अननस स्वयंपाकघरात गेला. आता त्याची रंगीत भावंडं दिवाणखान्यात आली आहेत, एवढंच.

म्हणून देशी-परदेशी हा वाद बाजूला ठेवू. झाडाला विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. तुला ऊन किती लागतं? पाणी कसं लागतं? तू किती दिवस राहणार? आणि माझ्याकडून रोज काय घेणार?

पहिला प्रश्न उन्हाचा. झेंडूला दिवसाकाठी निदान पाच-सहा तास स्वच्छ ऊन हवं. ते मिळालं नाही की झाड लुकडं होतं, उंचच उंच जातं, कळ्या कमी धरतं. ब्रोमेलियाड बहुतांशी जंगलातल्या मोठ्या झाडांच्या फांद्यांवर वाढणारे. वरच्या पानांतून गाळून आलेला उजेड त्यांच्या सवयीचा. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा ३८-४० अंशांपर्यंत जातो आणि दुपारची हवा अगदी कोरडी होते. अशा उन्हात चौथ्या मजल्याच्या उघड्या गच्चीवर ठेवलेल्या गुझमानियाच्या पानांवर चार दिवसांत पांढुरके, करपलेले डाग पडतात. ते डाग पुन्हा हिरवे होत नाहीत.

म्हणजे पाहा, आपल्या शहरातल्या घरांचे सरळ दोन भाग पडतात. दक्षिणेची किंवा पश्चिमेची मोकळी गॅलरी, गच्ची, बंगल्यापुढचं अंगण, ही झेंडूची जागा. उत्तरेची बाल्कनी, जिन्याचा खिडकीशेजारचा कोपरा, समोरच्या इमारतीनं ऊन अडवलेलं घर, ही ब्रोमेलियाडची जागा. पूर्वी वाड्यांच्या पुण्यात हा दुसरा प्रश्न फारसा नव्हता. चौक असायचा, परसू असायचं. आता उंच इमारतींच्या दाटीत कितीतरी घरांना थेट ऊन मिळत नाही. अशा घरात राहणाऱ्या माणसाला 'झेंडू लावा, आपलं फूल आहे' असं सांगणं म्हणजे त्याला निराश करणं. तिथे ब्रोमेलियाड हे चैनीचं झाड नव्हे. उजेड कमी असूनही रंग देणारी जी मोजकी झाडं आहेत, त्यांतलं ते एक आहे.

दुसरा प्रश्न आयुष्याचा. झेंडू हा एका हंगामाचा पाहुणा. बी पेरल्यापासून तीन-साडेतीन महिन्यांत तो फुलावर येतो, महिना-दोन महिने भरभरून देतो आणि संपतो. त्यामुळे त्याचं गणित उलटं मांडायचं. दसरा ज्या तारखेला असेल, तिथून साधारण तीन-साडेतीन महिने मागे मोजायचे आणि बी टाकायचं. तीन-चार आठवड्यांनी रोपं दुसरीकडे लावायची. ती जोर धरू लागली, की शेंडा खुडायचा. हे खुडणं नव्या माणसाच्या जिवावर येतं. पण शेंडा खुडला की बाजूच्या फांद्या फुटतात, झाड पसरतं आणि फुलं दुप्पट येतात. फुलं थोडी उशिरा येतात, ते दिवसही गणितात धरायचे.

सणाच्या फुलातलं बी जपून ठेवलं तरी रोपं येतात. लहान मुलांना बागेची गोडी लावायची तर याच्यासारखा दुसरा धडा नाही. बाजारातली पुष्कळ फुलं संकरित वाणांची असतात, त्यामुळे पुढच्या पिढीत आईसारखंच फूल येईल असं नाही. कुणी बारीक निघतं, कुणी एकेरी पाकळ्यांचं. पण गंमत अशी, की ही 'बिघडलेली' एकेरी फुलंच मधमाश्यांना आणि फुलपाखरांना आवडतात. भल्यामोठ्या गच्च गेंदात त्यांना मधापर्यंत पोचायला वाटच नसते. खात्रीचं बी हवं असेल तर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं काढलेले पुसा नारंगी गेंदा आणि पुसा बसंती गेंदा हे वाण आहेत. ते संकरित नाहीत, त्यामुळे त्यांचं बी घरी धरता येतं.

ब्रोमेलियाडचं आयुष्य वेगळ्या चालीचं. ते सावकाश वाढतं. फुलायला एकापासून तीन वर्षं लागू शकतात, आणि फुलतं ते जन्मात एकदाच. तुरा वाळला की मूळ झाड हळूहळू मरायला लागतं. पुष्कळ जणांना वाटतं, आपलं काहीतरी चुकलं. काही चुकलेलं नसतं. केळीचंही असंच नाही का? घड दिला की केळ संपते आणि बाजूनं मुनवे फुटतात. ब्रोमेलियाडच्या बुडाशीही पिल्लं येतात. ती आईच्या निम्म्या उंचीची झाली की धारदार सुरीनं वेगळी करायची, एक-दोन दिवस जखम सुकू द्यायची आणि नारळाच्या सालीचे तुकडे, थोडा कोळसा, थोडं पालापाचोळ्याचं खत अशा भुसभुशीत मिश्रणात लावायची. आपल्या काळ्या मातीत ती कुजतात.

वाढलेलं झाड फुलतच नसेल तर एक युक्ती आहे. पेल्यातलं पाणी काढून टाकायचं, झाडाशेजारी एक पिकलेलं सफरचंद ठेवायचं आणि सगळ्यावर प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी घालून आठवडाभर सावलीत ठेवायचं. पिकत्या फळातून इथिलीन वायू निघतो आणि तो झाडाला फुलण्याचा इशारा देतो. दोन-तीन महिन्यांत तुरा दिसू लागतो. हे ज्ञान अननसाच्या शेतकऱ्यांचं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अझोर्स बेटांवरच्या काचघरांत धूर झाला, तेव्हा अननस एकदम फुलल्याचं लोकांच्या ध्यानात आलं. धुरातही इथिलीन असतं.

आणखी एक सावधगिरी. आपण बागवाले लोक बुरशी दिसली की बोर्डो मिश्रण मारतो. झेंडूवर, द्राक्षावर, लिंबावर ते चालतं. ब्रोमेलियाडवर चालत नाही. त्यात मोरचूद असतं, म्हणजे तांबं, आणि तांबं या कुळाला विषासारखं आहे. तांब्याच्या शोभिवंत भांड्यात ब्रोमेलियाड लावू नये, तेही याच कारणानं. पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड दिसली, तर ओल्या फडक्यानं पुसून काढणं हा सगळ्यांत चांगला उपाय.

पैशांचं म्हणाल, तर फुललेल्या एका ब्रोमेलियाडच्या किमतीत झेंडूच्या रोपांनी आख्खी गॅलरी भरते. पण झेंडू दर हंगामाला नव्यानं लावावा लागतो आणि ब्रोमेलियाड पिल्लांच्या रूपानं वर्षानुवर्षं चालतो. फुकटचा ब्रोमेलियाड हवा असेल, तर मंडईतून पानांच्या तुऱ्यासकट अननस आणा. तुरा पिळून काढा, खालची चार-सहा पानं सोलून टाका, दोन दिवस सुकू द्या आणि कुंडीत लावा. महिन्या-दीड महिन्यात मुळं धरतात. दोन-एक वर्षांनी मुठीएवढा अननस लागला तर सोसायटीत तुमचं नाव होईल! फक्त हा भाऊ उन्हाचा भुकेला आहे, त्याला सावलीत ठेवू नका.

आता त्या पेल्याविषयी. ब्रोमेलियाडच्या चक्राकार पानांच्या मध्ये नैसर्गिक पेला तयार होतो आणि त्यात पाणी साठतं. जंगलात झाडावर राहायचं तर जमिनीतलं पाणी मिळत नाही, म्हणून निसर्गानं केलेली ही सोय. पानांवरचे सूक्ष्म खवले हे पाणी शोषतात. काही जातींच्या पेल्यांत कित्येक लिटर पाणी मावतं. त्यात बेडूक राहतात. जमैकात तर खेकड्याची एक जात आपली पिल्लं ब्रोमेलियाडच्या पेल्यातच वाढवते. ऐकायला किती छान! पण पुण्याच्या बाल्कनीत या पेल्यात बेडूक येत नाहीत. तिथे डास येतात.

डेंगी, चिकुनगुनिया आणि झिका पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण २०२१ च्या जुलैत पुणे जिल्ह्यातच, पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावी आढळला. २०२४ च्या पावसाळ्यात तर खुद्द पुणे शहरात झिकाचे रुग्ण सापडले आणि गरोदर स्त्रियांच्या घरांत काळजी पसरली, कारण हा विषाणू पोटातल्या बाळाला इजा करू शकतो. अमेरिकेत फ्लोरिडातल्या मायामी बीच शहरानं २०१६ मध्ये झिका आला, तेव्हा सार्वजनिक जागांमधले ब्रोमेलियाड काढून टाकायला घेतले होते.

मग हे झाड आणूच नये का? दुसरी बाजूही सांगायला हवी. ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरोच्या वनस्पती उद्यानात झालेल्या पाहणीत ब्रोमेलियाडमध्ये या डासाच्या अळ्या अगदी थोड्या सापडल्या, तर मायामीतल्या पाहणीत पुष्कळ. जिथे झाडाभोवती जंगल असतं, तिथे पेल्यातले इतर जीव डासाला जागा देत नाहीत असं मानतात. शहरात ती स्पर्धा कमी. आपली जागा शहरातली, हे विसरून चालणार नाही. आणि दोष एकट्या ब्रोमेलियाडचा नाही. झेंडूच्या कुंडीखाली आपण जी थाळी ठेवतो, तिच्यात साठणारं पाणी डासाला तितकंच प्रिय. झेंडू लावला की डास पळतात, असं पुष्कळ जण सांगतात. झेंडूच्या अर्कावर प्रयोग झाले आहेत, ते खरं. पण कुंडीत उभं असलेलं झाड घरातले डास पळवत नाही. त्या भरवशावर थाळी भरलेली राहिली तर उलटाच परिणाम व्हायचा.

हा डास फार लांब उडत नाही. तो जिथे जन्मतो, त्याच आवारात दिवसा चावतो. म्हणजे माझ्या गॅलरीतल्या पेल्यात जन्मलेला डास माझ्या शेजारणीच्या नातवाला चावणार. म्हणून मी वर्गात सांगते, की ब्रोमेलियाड विकत घेताना एक वारही ठरवून घ्या. आरोग्य खातं आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला सांगतं, तोच याचाही दिवस. त्या दिवशी कुंडी उचलायची, आडवी करून पेल्यातलं पाणी ओतायचं, नळीच्या जोरदार धारेनं पेला धुवायचा. निघालेलं पाणी खुशाल झेंडूच्या कुंडीत मातीवर ओता, अळ्या तिथे जगत नाहीत. जून ते ऑक्टोबर झाड वळचणीखाली घ्या आणि पेला जवळजवळ रिकामाच ठेवा. कुंडीतलं मिश्रण ओलसर असलं की झाडाचं तेवढ्यावर भागतं. पाण्यावर रॉकेल किंवा तेल टाकायचा घरगुती उपाय इथे करू नका, त्यानं झाड मरेल.

आणि हे दर आठवड्याला जमणार नसेल, गावाला जाणं-येणं फार असेल, तर पेल्याचे ब्रोमेलियाड आणूच नका. क्रिप्टँथससारखे जमिनीलगत पसरणारे किंवा टिलँडसियासारखे बिनपेल्याचे प्रकार आणा. सोसायट्यांच्या कमिट्यांना तर माझी विनंती आहे, की पार्किंगशेजारच्या वाफ्यांत पेल्याचे ब्रोमेलियाड ओळीनं लावू नका. कुंडी उचलून पालथी करता येते, वाफा पालथा करता येत नाही. आणि ठेक्यावर येणारा माळी शंभर पेले दर आठवड्याला धुवेल, ही अपेक्षा फार मोठी आहे.

आता 'झेंडूबिंडू'कडे वळते. बागेत त्याची किंमत का कमी झाली? मला वाटतं, तो फार मिळतो म्हणून. गुलटेकडीच्या फुलबाजारात दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याचे ढीग लागतात, रस्त्यारस्त्यावर तो विकला जातो. आचार्य अत्र्यांनी आपल्या विडंबन कवितांच्या संग्रहाला १९२५ मध्ये 'झेंडूची फुले' हे नाव दिलं. गुलाब-मोगऱ्याच्या दरबारात झेंडूची पायरी कोणती, हे वाचणाऱ्याला सांगावं लागत नव्हतं. अत्रे सासवडचे, आणि सासवडच्या त्याच पुरंदर तालुक्यात आजही झेंडूची शेतं दिसतात. ज्या फुलावर शेतकऱ्याच्या घरची दिवाळी अवलंबून असते, ते आपल्याला फार साधं वाटतं. भाव पडला की तेच फूल रस्त्याकडेला ओतून तो घरी जातो, हेही आपण पाहिलेलं असतं.

असाच प्रकार तिकडे ब्रोमेलियाडच्या बाबतीत झाला होता. रॉबेर्तो बुर्ले मार्क्स हे ब्राझीलचे जगप्रसिद्ध उद्यानरचनाकार. १९०९ चा त्यांचा जन्म. तरुणपणी ते बर्लिनला गेले असताना तिथल्या वनस्पती उद्यानाच्या काचघरात त्यांना ब्राझीलची झाडं जपून ठेवलेली दिसली. त्यांच्या स्वतःच्या देशात ही झाडं रानटी समजली जात आणि श्रीमंतांच्या बागेत युरोपची फुलं लावली जात. परत आल्यावर बुर्ले मार्क्स यांनी रानातले ब्रोमेलियाड सार्वजनिक बागांमध्ये आणले आणि जगाला त्यांचं सौंदर्य दाखवलं. आज आपल्या कार्यालयांच्या चकचकीत लॉबीत दिसणारा ब्रोमेलियाड कधीकाळी त्याच्या गावी 'झेंडूबिंडू'च होता!

झेंडूला तशी नजर अजून मिळायची आहे. एकेकटं रोप कोपऱ्यात लावून तो उठून दिसत नाही. त्याला गर्दी हवी. एकाच रंगाचा फ्रेंच झेंडू दाट लावून पाहा, मागे उंच केशरी, पुढे बुटका पिवळा. एम्प्रेस गार्डनमध्ये दर जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरतं. ते भरवणारी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया १८३० सालची. तिथे गेलात, तर पुरस्कार मिळालेल्या कुंड्यांइतकंच हंगामी फुलांच्या वाफ्यांकडेही पाहा. एका साध्या फुलाच्या शे-दोनशे रोपांत केवढी ताकद असते, ते तिथे कळतं.

शिवाय झेंडू नुसता दिसत नाही, तो काम करतो. त्याच्या काही जातींच्या मुळांतून निघणारी द्रव्यं जमिनीतल्या सूत्रकृमींना मारक असतात. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेनं टोमॅटोच्या सोळा ओळींनंतर झेंडूची एक ओळ लावायची शिफारस केली. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूकडे ओढला जातो आणि टोमॅटो बऱ्याच अंशी वाचतो. गच्चीवर चार टोमॅटो लावणाऱ्यानंही दोन झेंडू मध्ये लावायला हरकत नाही. फुलातल्या ल्युटीन या पिवळ्या द्रव्याला औषध आणि पशुखाद्याच्या उद्योगांत मागणी आहे. आणि सगळं झाल्यावर निर्माल्य होऊन तो खताच्या टोपलीत जातो, पुढच्या झेंडूसाठी.

त्याचे लाडही थोडे सांगते. पाणी साठलं की मुळं कुजतात, म्हणून कुंडीचं भोक मोकळं हवं. पावसाच्या झोडीत उंच झाडं आडवी होतात, त्यांना काठीचा आधार द्यावा. पाणी फुलांवर न मारता बुडाशी द्यावं. उन्हाळ्यात पानं फिकट, जाळीदार दिसली तर लाल कोळी आला समजावं आणि पानांच्या खालच्या बाजूनं पाण्याचा फवारा मारावा. सुकलेलं फूल वेळेवर खुडलं की नवी कळी येते. बी हवं असेल तेवढीच चार फुलं झाडावर राखावीत.

तेव्हा श्रोतेहो, कोणतं झाड लावू, या प्रश्नाला माझं उत्तर एका वाक्यात येत नाही. मी उलट दोन प्रश्न विचारते. तुमच्याकडे ऊन किती तास येतं, आणि आठवड्यातली दहा मिनिटं तुम्ही न चुकता देऊ शकता का? ऊन असेल तर बिनदिक्कत झेंडू लावा, आणि त्याला कुंड्यांच्या मागच्या रांगेत न लपवता दर्शनी जागा द्या. ऊन नसेल आणि दहा मिनिटं असतील तर ब्रोमेलियाड आणा. तो तुमच्या अंधाऱ्या कोपऱ्यात महिनोन् महिने रंग ठेवील. ऊनही नसेल आणि वेळही नसेल, तर दाराशी येणाऱ्या फुलवाल्या मावशींकडून झेंडूची दोन माळा घ्या. त्यातही बागेचंच पुण्य आहे. फक्त कुठलंही झाड घरात आणलंत, तरी त्याच्या पेल्यातलं आणि त्याच्या थाळीतलं पाणी ही आपली जबाबदारी आहे, एवढं विसरू नका. येत्या रविवारी चहा झाला की गॅलरीत जा आणि सगळ्या कुंड्यांखालच्या थाळ्या पालथ्या करून टाका. सुरुवात तिथूनच होऊ द्या.